शेऱ्याचा रकाना

सरकारी दप्तरात ज्याची हयात गेली त्याला ‘शेरा’ या शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. नोंदवहीचे बाकीचे रकाने कारकून भरतो. नाव, गाव, तारीख, रक्कम या गोष्टी समोरच्या कागदावरून उतरून घेता येतात. शेवटचा शेऱ्याचा रकाना मात्र अधिकाऱ्याला स्वतःच्या जबाबदारीवर भरावा लागतो आणि त्याखाली सही करावी लागते. मोबाईलवर ॲपची जी दुकाने असतात, त्यांतील पाच ताऱ्यांची रांग आणि तिच्याखाली ग्राहकांनी लिहिलेली दोन-चार ओळींची मते हा याच रकान्याचा आजचा अवतार आहे, असे आम्हांस वाटते. हा रकाना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, आणि त्या प्रवासात सही कोठे गळून पडली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नव्याने बाजारात आलेल्या वस्तूंची एकत्र यादी करावी आणि ती लोकांपुढे ठेवावी, ही कल्पना मोबाईलबरोबर जन्मलेली नाही. आपल्याकडे ती छापील ग्रंथांच्या बाबतीत दीडशे वर्षांपूर्वीच कायद्याने अमलात आली. १८६७ साली मुद्रणालये व ग्रंथनोंदणी यांचा २५ क्रमांकाचा कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करणे बंधनकारक झाले आणि त्यांची सूची दर तिमाहीस सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होऊ लागली. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, छापखान्याचे ठिकाण, प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत आणि स्वामित्वहक्क कोणाचा, एवढे रकाने त्या कायद्यातच सांगितलेले होते. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे अधिकारी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंतच्या देशी ग्रंथांची सूची तयार केली होती. तिमाही याद्यांना अनेक प्रांतांत आणखी एक रकाना जोडण्यात आला. तो शेऱ्याचा. पुस्तक कशाविषयी आहे, भाषा कशी आहे, मजकूर नवा आहे की कोठून उचललेला, असे दोन शब्द त्यात ग्रंथपाल किंवा अनुवादक लिहीत असे. पुष्कळदा तो शेरा कोरडा, क्वचित तुच्छतेचा आणि परक्या राज्यकर्त्याच्या संशयी नजरेचा असे. तरीही तो कोणत्या कचेरीतून आला हे ठाऊक असे, आणि त्याबद्दल जाब विचारायचा तर कोणाला विचारावा, हेही ठाऊक असे.

हा कायदा इतका दीर्घायुषी ठरला की त्याची जागा घेणारा नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा २०२३ साली झाला आणि १ मार्च २०२४ पासून अमलात आला. आता त्या जुन्या यादीशेजारी ॲपच्या दुकानातील एखादे पान ठेवून पाहावे. ॲपचे नाव, भाषा, कर्ता, विषय, शेवटच्या सुधारणेची तारीख, आकार, आवृत्ती, किती जणांनी उतरवून घेतले तो आकडा, किंमत! रकाने जवळजवळ तेच आहेत. बदलला तो फक्त शेवटचा रकाना. पूर्वी तो एक माणूस भरीत असे, आता लाखो माणसे भरतात.

दरम्यानच्या काळात मराठी समाजाने हा रकाना सरकारच्या हातून स्वतःकडे घेतला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. १८६७ मध्येच सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने ग्रंथपरीक्षणाची परंपरा रुजविली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली आणि ‘ग्रंथांवर टीका’ हा स्वतंत्र निबंधविषय केला. शास्त्रीबुवांचा शेरा पुष्कळांना झोंबला. पण तो कोणी दिला, कोणत्या भूमिकेवरून दिला, हे महाराष्ट्राला ठाऊक होते. विसाव्या शतकात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि एकट्या माणसाच्या चिकाटीने केवढे काम उभे राहते ते दाखविले. १९६४ साली निघालेल्या ‘ललित’ मासिकाने ‘चोखंदळ वाचकांची निवड’ हा उपक्रम चालविला. लोकमताने पुस्तक निवडण्याचा तो प्रयत्न होता. मात्र तेथे विचारले जाई ते वाचणाऱ्याला. ग्रंथांपलीकडे, रोजच्या वापराच्या वस्तूंबाबत हेच काम ग्राहक चळवळीने केले. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत सुरू झाली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, वस्तू पारखून एकत्र घ्यावी आणि वाटून घ्यावी, अशी मुंबईची पद्धत होती. तेथे पारख करणारा आणि ती वस्तू घरी नेणारा एकाच संघातला असे. वाईट डाळीची शिफारस करणाऱ्याच्या ताटातही तीच डाळ पडे.

आमच्या भागातील व्यवहार याहून वेगळा नव्हता. रामाकोना हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील कन्हानकाठचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आमची राजधानी नागपूर होती. नंतर ती भोपाळ झाली. पण संत्र्याचा, सोयरिकीचा आणि बाजारहाटाचा ओढा नागपूरकडेच राहिला. २०१५ पर्यंत धावणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीने नवी वस्तू येई आणि तिच्याबरोबर तिची कीर्तीही येई. कोणता पंप चालतो, कोणते औषध फवारावे, कोणता अडत्या पैसे बुडवीत नाही, हे माणूस माणसाला सांगे. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि वावर माहीत असे.

संत्र्याच्या कलमांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा बांधलेले कलम लावले म्हणजे बागेला खरा बहार येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. रोपवाटिकेत सगळी कलमे सारखीच हिरवीगार दिसतात. डोळा चांगल्या झाडाचा होता की रोगट झाडाचा, खुंट जमिनीला मानवला की नाही, हे कळते तेव्हा अर्धे तप उलटलेले असते. म्हणून सौंसर-पांढुर्ण्याचा जाणता शेतकरी कलमाकडे पाहून ‘छान आहे’ असे म्हणत नाही. डोळा कोणाच्या बागेतला, हे तो आधी विचारतो आणि ती बाग पाहून येतो. बाग पाहिल्यावाचून दिलेल्या शेऱ्याची किंमत त्याच्या लेखी शून्य असते.

या पार्श्वभूमीवर ॲपच्या दुकानांचा इतिहास पाहिला म्हणजे काय घडले ते स्पष्ट होते. ॲपल कंपनीचे दुकान १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपनिशी उघडले. गुगलचे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आणि २०१२ मध्ये त्याला ‘प्ले स्टोअर’ हे नाव मिळाले. ५०० वस्तूंचे दुकान माणसाला नजरेखालून घालता येते. लाखो वस्तूंचे येत नाही. तेव्हा नवे ॲप सापडायचे ते शोधपट्टीतील शब्दांवरून, लोकप्रियतेच्या याद्यांवरून आणि ताऱ्यांवरून. त्यामुळे तारा हा नुसता अभिप्राय राहिला नाही. कोणती वस्तू दर्शनी मांडावी आणि कोणती माळ्यावर टाकावी, हे ठरविणाऱ्या कारणांपैकी तो एक प्रमुख कारण झाला.

या ताऱ्याचे नियम प्रारंभी किती कच्चे होते, याची दोन उदाहरणे पुरेत. ॲपलच्या दुकानात पहिले काही आठवडे ॲप न घेतलेला माणूसही त्यावर मत लिहू शकत असे. सप्टेंबर २००८ मध्ये ती मुभा बंद झाली. पुढे ॲप काढून टाकताना तारे विचारण्याची पद्धत आली. जो वस्तू फेकून देण्यास निघाला आहे त्यालाच तिच्याविषयी विचारले तर उत्तर काय मिळणार? ही पद्धत २०१० साली मोडीत निघाली. गुगलने २०१९ मध्ये सरसकट सरासरीऐवजी अलीकडच्या मतांना अधिक वजन दिले. कारण ॲप दर महिन्याला बदलते आणि पाच वर्षांपूर्वीची स्तुती आजच्या ॲपला लागू पडत नाही. २०२१ पासून त्या दुकानात दिसणारी सरासरी देशनिहाय झाली. हे सारे बदल योग्यच होते. पण ते सर्व गणिताचे बदल होते. सही कोणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

तो राहिल्यामुळे दोन प्रकारचे अनर्थ झाले. पहिला विकत घेतलेल्या स्तुतीचा. २०१० च्या ऑगस्टात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने रिव्हर्ब नावाच्या जाहिरात संस्थेचे प्रकरण निकाली काढले. या संस्थेची माणसे सामान्य ग्राहकाचे सोंग घेऊन, ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांच्याच खेळांवर स्तुतिपर मते लिहीत, असा आयोगाचा आरोप होता. दुकान उघडून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. दुसरा अनर्थ झुंडीच्या रागाचा, आणि त्याची ठळक उदाहरणे भारतातली आहेत. स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारतासारख्या गरीब देशात विस्तार नको असे म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने अमेरिकेतील दाव्यात केला, आणि एप्रिल २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कंपनीने आरोप नाकारला. पण तोवर हजारो संतप्त भारतीयांनी त्या ॲपला एकेक तारा दिला होता. आणि नावातील साधर्म्यामुळे कित्येकांनी तोच राग ‘स्नॅपडील’ या भारतीय कंपनीच्या ॲपवर काढला. तिचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. २०२० च्या मे महिन्यात दोन चित्रफीत-माध्यमांच्या चाहत्यांत भांडण जुंपले आणि ‘टिकटॉक’चे तारे काही दिवसांतच दोनच्या खाली घसरले. गुगलने लक्षावधी मते पुसून टाकल्यावर ते पुन्हा वर चढले. त्याच वर्षी २९ जूनला ५९ चिनी ॲपवर बंदी आली तीत टिकटॉकही होते. मात्र ती सरकारी निर्णयाने आली, ताऱ्यांनी नव्हे. या प्रकरणांतील किती मतदारांनी ते ॲप खरोखर वापरले होते, हे ताऱ्यांकडे पाहून कोणीही सांगू शकत नव्हते.

कोणी म्हणेल, की हा शहरी पोरांचा खेळ आहे. गावाचे त्यात काय जाते? गावाचे काय जाते ते कर्ज देणाऱ्या ॲपनी दाखवून दिले. टाळेबंदीच्या काळात हाती पैसा नसलेल्या माणसाला पाच मिनिटांत कर्ज मिळू लागले, आणि हप्ता चुकताच त्याच्या मोबाईलमधील सोयऱ्याधायऱ्यांचे क्रमांक काढून त्यांना शिवीगाळीचे फोन जाऊ लागले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये या विषयासाठी कार्यगट नेमला. त्याच वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत ८० हून अधिक दुकानांतून भारतीयांसाठी कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप उपलब्ध होती आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती, असे या गटाला आढळले. पुढे सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने आपल्या दुकानातून अशी २२०० हून अधिक ॲप काढून टाकल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे अर्ध्याहून अधिक माल खोटा असलेल्या फळीसमोर गरजू माणूस उभा होता, आणि हाताशी निकष होता तो ताऱ्यांचा.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. सरकारी व्यवहारात निनावी अर्जाला किंमत नसते. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये निनावी व टोपणनावी तक्रारींवर कारवाई करू नये असे परिपत्रकच काढले होते. तोच नियम ॲपच्या दुकानात डोळे मिटून लावावा काय? आमच्या मते नाही. सावकारी ॲपचा जाच झालेल्या माणसाने आपल्या पूर्ण नावागावानिशी तक्रार लिहावी, ही अपेक्षा क्रूर ठरेल. त्याने आडनाव न लिहिता दिलेला एक तारा पुढच्या माणसाचे घर वाचवू शकतो. तेव्हा सही याचा अर्थ नाव एवढाच घेऊ नये. लिहिणाऱ्याने वस्तू वापरली आहे आणि प्रसंग पडल्यास तो सापडू शकतो, एवढी खात्री म्हणजे सही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी जे मानक काढले (आयएस १९००० : २०२२) त्याचा रोख साधारण हाच आहे. लिहिणाऱ्याची पडताळणी करावी, त्याची खासगी माहिती मात्र जपावी. मत विकत घेऊ नये. आणि ते छापणाऱ्या संस्थेने त्यात फेरफार करू नये. मात्र हे मानक ऐच्छिक म्हणून आले. ज्याला ते पाळणे सोयीचे नाही, त्याला सक्ती नव्हती.

भाषेचा प्रश्न यापुढचा. शोधपट्टीत मराठी शब्द लिहिला आणि मराठी उत्तर मिळाले, ही गोष्ट आज साधी वाटते. ती तशी नव्हती. मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आदी तरुणांनी २०१५ मध्ये भारतीय भाषांत चालणारी मोबाईल प्रणाली आणली, तिचे नाव पुढे ‘इंडस’ झाले. तिच्या ॲपबाजारात ई-मेल खाते नसलेल्या माणसालाही आपल्या भाषेत ॲप घेता येई. २०२२ मध्ये ही संस्था फोनपेकडे गेली आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठीसह १२ भारतीय भाषांत ‘इंडस ॲपस्टोअर’ सुरू झाले. दुसऱ्या दुकानाचा मार्ग सोपा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि इतर दुकानांना प्ले स्टोअरमध्ये जागा देण्यास सांगितले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जागा देण्याचा आदेश रद्द केला.

परंतु दुकान मराठी झाल्याने सीमेवरच्या मराठी माणसाचा प्रश्न सुटत नाही, आणि हे नागपूर-पुण्याच्या वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ ॲप राज्यभर लागू झाले. शेतकरी स्वतःच्या मोबाईलवर आपले पीक सातबाऱ्यावर नोंदवू लागला. सौंसरच्या शेतकऱ्याने शोधपट्टीत ‘पीक पाहणी’ लिहिले तर त्याच्यापुढे हेच ॲप येणार. त्याखालची मतेही त्याच्याच बोलीत, काटोल-सावनेरच्या शेतकऱ्याने लिहावीत तशी असणार. वाचायला आपलीच, उपयोगाला परकी! कारण त्याची जमीन मध्य प्रदेशात आहे. त्याला सातबारा नाही, खसरा आहे. पीक पाहणी नाही, गिरदावरी आहे. पिकाची माहिती स्वतः नोंदविण्यासाठी त्याला ‘एमपी किसान’ हे हिंदी ॲप घ्यावे लागते, आणि ते सापडण्यासाठी हिंदी शब्द ठाऊक असावा लागतो. म्हणजे ज्या भाषेत तो मत वाचू शकतो त्या भाषेतील ॲप त्याचे नव्हे. आणि जे ॲप त्याचे आहे त्यावर त्याच्या भाषेत सहसा कोणी लिहीत नाही. दुकानाची सरासरी देशनिहाय झाली खरी, पण राज्याच्या सीमारेषेचे भान तिला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि कचेरी आमच्याजवळ आली. कचेरीची कामे मोबाईलवर जात असताना तेथे पोहोचण्याची ही वाट मात्र अजून कोणी आखून दिलेली नाही.

ती आखणे आमच्या मते फारसे कठीण नाही, आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. रामाकोन्याच्या किंवा सौंसरच्या माणसाने आपल्या राज्याच्या ॲपवर मराठीत मत लिहावे. त्यात ‘छान’ किंवा ‘बेकार’ एवढेच लिहू नये. कोणते काम करावयास गेलो, ते कोणत्या महिन्यात केले, मोबाईल साधा होता की महाग, कोठे अडले, पैसे किंवा खासगी माहिती मागितली काय, आणि काम शेवटास गेले काय, एवढ्या सहा गोष्टी सहा ओळींत मावतात. तालुका लिहावा, पूर्ण नाव लिहिण्याची गरज नाही. खसरा आणि सातबारा, गिरदावरी आणि पीक पाहणी असे दोन्ही शब्द त्यात आणावेत, म्हणजे मराठी वाचणाऱ्याला आपल्या राज्यातला शब्द कोणता ते उमगेल. गावच्या वाचनालयांनी आणि आपल्यासारख्या साहित्यमंडळांनी एक वही ठेवावी. ज्याने ॲप निदान एक हंगाम वापरले त्यानेच तीत लिहावे आणि खाली सही करावी. कर्ज देणाऱ्या ॲपचे पान तर तांबड्या शाईने वेगळे काढावे आणि तेथे आधी एकच प्रश्न लिहावा : हे ॲप कोणत्या बँकेचे किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कोणत्या वित्तसंस्थेचे? याचे उत्तर मिळाल्यावाचून ताऱ्यांकडे पाहूच नये.

१८६७ च्या यादीतील शेरा परक्या सरकारचा होता, म्हणून आपल्या पूर्वजांनी तो स्वतःच्या हाती घेतला आणि त्यातून मराठी टीकावाङ्मय उभे राहिले. आजचा रकाना तर सर्वांनाच खुला आहे. तो रिकामा सोडला तर पैसे घेऊन लिहिणारा भरील, किंवा रागावलेली झुंड भरील. कलम लावताना ज्याच्या बागेतला डोळा त्याची बाग पाहून येण्याची आपल्या शेतकऱ्याची रीत आहे. ती बाग पाहू देण्याची जबाबदारी आता वापरणाऱ्यांची, म्हणजे आपलीच आहे.